पाणी कुठवर आलं होतं? किनाऱ्यावरच्या पुराची नोंद ठेवू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

पहिल्या वर्षी मी सहाशेच्या वर फोटो काढले. त्यातले कामाला आले अकरा. बाकीच्यांत पाणी भरपूर आहे, बुडालेले रस्ते आहेत, पायऱ्यांवर उभी राहिलेली माणसं आहेत. पण पाणी किती होतं, किती वाजताचं, भरतीचं की पावसाचं, आणि ते नेहमीपेक्षा जास्त होतं की दरवेळचंच, याचं उत्तर त्यातला एकही फोटो देत नाही. एका अभियंत्याला मी ते कौतुकाने दाखवले, तेव्हा त्याने एकच विचारलं, "हे कशापासून मोजायचं?" मला काही सांगता आलं नाही.

तुमचं वर्ष असं वाया जाऊ नये म्हणून हे लिहितोय. यासाठी शास्त्रज्ञ असावं लागत नाही. चिकाटी, एक मोजपट्टी आणि स्वतःच्या मतावर थोडा लगाम, एवढं असलं तरी पुरतं.

एक गोष्ट आधीच ध्यानात घ्या. समुद्राची वाढ तुम्हाला डोळ्यांनी दिसणार नाही. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक मंडळाच्या २०२१च्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटीमीटर वाढली. २००६ ते २०१८ या वर्षांत तिचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. दिवसातून दोनदा मीटर-मीटर वरखाली होणाऱ्या पाण्यात हे मिलिमीटर कुठे दिसणार? दिसतो तो परिणाम. पूर्वी उंबरठ्याशी थबकणारी भरती आता आत येते, वर्षातून एकदा बुडणारी वाट चारदा बुडते. आपल्याला नोंद ठेवायची आहे ती या उंबरठ्यांची.

१. नोंद कोणासाठी, ते आधी ठरवा

गावाला पुढे कधी संदर्भ लागेल म्हणून, बांध किंवा गटार मागायला, नुकसानभरपाईला, संशोधकांना देण्यासाठी की न्यायालयासाठी? प्रत्येकाला लागणारा पुरावा वेगळा असतो. नियोजन करणाऱ्याला उंची आणि किती वेळा ते हवं. भरपाई देणाऱ्याला तारीख, मालकी आणि नुकसानीचा तपशील लागतो. न्यायालयाला मूळ फाइल आणि ती कोणाकोणाच्या हातातून गेली ते कळावं लागतं.

पैशात न मोजता येणारं नुकसान सोडून देऊ नका. ऑस्ट्रेलियाच्या टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवरच्या रहिवाशांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे दाद मागितली होती. तिच्यात पडझड झालेल्या घरांइतक्याच पुराने उद्ध्वस्त झालेल्या पूर्वजांच्या कबरी महत्त्वाच्या ठरल्या. २०२२ साली समितीने निर्णय त्यांच्या बाजूने दिला. त्यामुळे स्मशान, प्रार्थनेची जागा, मुलांचं खेळायचं मैदान, जाळी वाळवायची पुळण, सगळं यादीत येऊ द्या.

२. सोबत काय हवं

साहित्य:
- पाच मीटरची पोलादी मोजपट्टी. कापडी घेऊ नका, ओली झाली की ताणली जाते.
- गवंडी पातळी काढायला वापरतात ती पारदर्शक नळी, दहा-पंधरा मीटर
- पेन्सिल आणि जाड पुठ्ठ्याची वही. पेनाची शाई पसरते, आणि ती नेमकी महत्त्वाच्या पानावर पसरते.
- फोन, आणि तो पाण्यापासून वाचवणारी पिशवी
- रंगवलेल्या खुणांची एक मीटरची काठी, फोटोत माप दिसावं म्हणून
- खडू, मार्कर, मालकाने होकार दिला तर तेलरंग
- विहिरी असतील तर टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं उपकरण

कागदपत्रं:
- चालू वर्षाचा भरतीचा तक्ता, तुमच्या जवळच्या बंदराचा
- गावाचा नकाशा, हाताने काढलेला असला तरी चालेल
- संमतीपत्राच्या प्रती, लोकांच्या भाषेत
- कोऱ्या नोंद-पानांचा गठ्ठा, आधी छापून घेतलेला

ड्रोन मी यादीत घातलेला नाही. पहिल्या दोन वर्षांत त्याची गरज पडत नाही आणि बऱ्याच ठिकाणी परवानगी लागते. शिवाय ड्रोन घोंगावू लागला की माणसं बोलायची थांबतात.

३. भरतीचा तक्ता वाचायला शिका

इथे नवखा हमखास ठेचकाळतो. तक्त्यात "४.६ मीटर" लिहिलेलं असतं आणि आपल्या मनात ते थेट जमिनीपासूनचं होऊन जातं. तसं नसतं. तक्त्यातली उंची मोजतात ती नौकानयनाच्या शून्यापासून, आणि हा शून्य साधारणपणे सगळ्यात खालच्या ओहोटीच्या आसपास धरलेला असतो. जमिनीच्या नकाशावरच्या उंच्या मात्र बहुधा सरासरी समुद्रपातळीपासून दिलेल्या असतात. या दोन शून्यांत काही ठिकाणी दोन-अडीच मीटरचाही फरक पडतो. ते एकमेकांत मिसळले की अख्खं गाव कागदावर तरी बुडतं.

शून्य एकच ठेवला तर काय साधतं, ते व्हेनिसमध्ये दिसतं. तिथे पाण्याची उंची आजही १८९७ साली ठरवलेल्या शून्यापासूनच सांगतात. ४ नोव्हेंबर १९६६ला तिथे १९४ सेंटीमीटर पाणी चढलं आणि १२ नोव्हेंबर २०१९ला १८७. मध्ये त्रेपन्न वर्षं गेली, तरी हे दोन आकडे शेजारी ठेवता येतात ते शून्य हलवला नाही म्हणून.

तक्ता हे फक्त चंद्रसूर्याचं गणित आहे, हेही ध्यानात असू द्या. हवामान त्यात नसतं. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र सुमारे एक सेंटीमीटर वर येतो. वारा किनाऱ्याकडे रेटत असेल तर पाणी आणखी चढतं. म्हणून वहीत दोन रकाने ठेवा, एक "तक्त्याप्रमाणे" आणि दुसरा "प्रत्यक्ष". फरक कुठून आला याचा माग तिथूनच लागतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे येणारं उधाण आधीच कळतं. त्यातही चंद्र पृथ्वीच्या जवळ असताना येणारी उधाणं सगळ्यात मोठी. वर्षाच्या सुरुवातीला ती तक्त्यातून शोधून तारखांना लाल गोल करा. त्या दिवशी आभाळ निरभ्र असेल, वारा पडलेला असेल आणि तरीही रस्त्यावर पाणी आलं, तर ती नोंद वादळातल्या दहा नोंदींपेक्षा बोलकी आहे. तिथे पावसावर किंवा वाऱ्यावर ढकलायला जागाच नसते.

४. न हलणारी एक खूण धरा

हे काम सगळ्यात कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगीही. गावातलं जुनं, पक्कं, बुडण्याची आणि पाडलं जाण्याची शक्यता कमी असलेलं काहीतरी निवडा. पुलाचा कठडा, दगडी इमारतीची पायरी, दीपस्तंभाचा चौथरा. सर्वेक्षण खात्याने कोरलेला उंचीचा दगड जवळ असला तर उत्तमच. पुढची सगळी मापं या खुणेपासून घ्यायची.

फोनवर दिसणाऱ्या उंचीच्या नादी लागू नका. मोकळ्या आभाळाखाली फोन आडवी जागा पाचेक मीटरच्या आत सांगतो. उंचीत तो याहून बराच जास्त चुकतो, आणि आपल्याला तर सेंटीमीटर हवेत. त्यातून काही फोन उंची सरासरी समुद्रापासून न देता पृथ्वीच्या कल्पित गुळगुळीत आकारापासून देतात. श्रीलंकेच्या दक्षिणेकडे या दोन पृष्ठभागांतला फरक शंभर मीटरपेक्षा जास्त भरतो.

मग उंची घरापर्यंत न्यायची कशी? नळीने. नळीत पाणी भरा, एक टोक खुणेशी धरा, दुसरं घराच्या भिंतीशी. दोन्ही टोकांतलं पाणी स्थिर झालं की ते एका पातळीत असतं. भिंतीवर रेघ मारा आणि पुढच्या घराकडे चला. अंतर जास्त असेल तर टप्प्याटप्प्याने जा. शेवटी उलटं फिरून मूळ खुणेवर या. दोन-तीन सेंटीमीटरच्या आत जुळलं तर ठीक, नाहीतर पुन्हा. माझ्या पहिल्या फेरीत नळीत एक बुडबुडा अडकून राहिला होता. तो दिसायला बोटाच्या पेराएवढाही नव्हता, पण सात घरांची मापं मला परत घ्यावी लागली. नळी भरल्यावर ती उचलून, टिचक्या मारून बुडबुडे काढायचे, हे गवंड्याला सांगावं लागत नाही. मला सांगावं लागलं.

५. पाण्याची रेघ शोधा आणि मोजा

पूर चालू असताना पाण्यात शिरू नका. उघडी गटारं दिसत नाहीत आणि विजेची तार कुठे पडली आहे ते कळत नाही. सुरक्षित उंचीवरून वेळा टिपा: पाणी कधी आलं, कधी थांबलं, कधी उतरलं. मोजायचं काम ओसरल्यावर.

ओसरल्यावर मात्र घाई करा. चिखलाची रेघ पहिल्या पावसात जाते आणि लोक घर धुतात तेव्हा उरलीसुरलीही. दोन दिवसांत जितक्या रेघा गाठाल तितक्याच हाती.

- बाहेरच्या भिंतीपेक्षा आतली रेघ भरवशाची. बाहेर लाटांचे फटकारे बसतात, त्यामुळे रेघ उगाच वर जाते. कपाटामागची, जिन्याखालची रेघ बघा.
- पाणी टप्प्याटप्प्याने उतरतं, म्हणून एकाखाली एक रेघा उमटतात. मोजायची सगळ्यात वरची.
- ओल म्हणजे पाण्याची रेघ नव्हे. भिंत पाणी शोषून वर चढवते. काही दिवसांनी त्या ओलीच्या टोकाला पांढरा लोणा फुटतो आणि सगळेजण तिथेच बोट ठेवतात. गाळाचे कण, काडीकचरा, पानांचे तुकडे चिकटले आहेत ती खरी रेघ.
- प्रत्येक रेघेला क्रमांक द्या आणि तिच्यापुढे "पक्की", "ठीक" किंवा "अंदाजे" लिहा. "अंदाजे" लिहायला लाजू नका. सगळंच "पक्कं" असलेल्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

पाणी कुठून आलं ते विचारा आणि लिहा. पाणी समुद्राच्या बाजूने बांध ओलांडून आलं की मागच्या गटारातून उलटं वर आलं, यात मोठा फरक आहे. बांधाला धक्काही न लागता मागून, कधी अंगणातल्या जमिनीतून झिरपून भरलेल्या वस्त्या मी पाहिल्या आहेत. तिथे बांध उंच करून काहीही होणार नव्हतं.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. एका घरात आजींनी दाराच्या चौकटीवर हात ठेवून सांगितलं, "त्या मोठ्या वादळाच्या साली इथवर होतं. गेल्या उधाणाला मात्र गुडघ्याच्या खालीच राहिलं." मी मापं घेतली. जुनं ७० सेंटीमीटर, नवं ३८. वहीत लिहिलं, "या घरी पाणी कमी झालं आहे." निघता निघता दाराकडे लक्ष गेलं. बिजागरी नको तितकी खाली होती, आणि दाराची खालची कड रंग न लावलेली, करवतीने कापलेली. मी विचारलं तर त्यांचा मुलगा म्हणाला, "दार दोनदा कापलंय. फरशी उचलली ना आम्ही दोन्ही वेळेला."

जुने ७० सेंटीमीटर मी जुन्या फरशीपासून धरले होते, तसे आजींनीच सांगितले होते. नवे ३८ होते नव्या फरशीपासूनचे. फरशी एकूण ४३ सेंटीमीटर वर आली होती. म्हणजे नवं पाणी जुन्या फरशीपासून मोजलं तर ८१. कमी कुठलं, ११ सेंटीमीटर जास्तच होतं, आणि तेही वादळ नसताना, नुसत्या उधाणाला.

म्हणून फरशीपासूनचं माप एकटं कधीच लिहू नका. सोबत वर चौथ्या मुद्द्यात सांगितलेल्या न हलणाऱ्या खुणेपासूनचं माप हवंच. आणि प्रत्येक घरात विचारा: जोतं कधी वाढवलं? रस्ता किती वेळा उंच केला? विजेचा मीटर, प्लगचे बोर्ड वर कधी नेले? माणसं वर्षानुवर्षं पाण्यापासून हळूहळू वर सरकत असतात आणि त्याचा खर्च कोणत्याही नुकसानीच्या यादीत येत नाही. माझ्या मते या प्रश्नांची उत्तरं पाण्याच्या मापाइतकीच मोलाची आहेत.

६. फोटो: एकच जागा, पुन्हा पुन्हा

पाच-सहा जागा ठरवा. प्रत्येक ठिकाणी कुठे उभं राहायचं, फोन कशावर टेकवायचा, चौकटीत काय आलं पाहिजे, हे वहीत लिहा. पाणी नसतानाचा फोटो आधी काढून ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? सिडनीच्या किनाऱ्यावर २०१७ साली कोस्टस्नॅप या उपक्रमाने फोन ठेवायला पोलादी खोबणी बसवली. येणारेजाणारे तिच्यात फोन ठेवून फोटो काढतात, आणि कोण काढतंय याला महत्त्वच राहत नाही. तुम्हाला खोबणी परवडली नाही तर कठड्यावर तेलरंगाची फुली मारा.

प्रत्येक फोटोत न हलणारं काहीतरी आणि मापाची काठी येऊ द्या. फोनचं घड्याळ आणि स्थान चालू आहे का ते बघा.

एक सापळा फार जणांना भोवतो. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि त्याच्या आत असलेली वेळ-ठिकाणाची नोंद गळून पडते. लोकांकडून फोटो मागवाल तेव्हा ते "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा, किंवा फोनवरून थेट उतरवून घ्या. मूळ फाइल कधीही कापू नका, उजळवू नका, तिच्यावर बाण काढू नका. बाण काढायचे ते प्रतीवर.

७. माणसांशी बोलणं

संमती आधी, रेकॉर्डर नंतर. तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारा: मी लिहून घेऊ का, आवाज किंवा चित्र घेऊ का, आणि नाव दाखवू का? "हो" सरसकट धरू नका. लिहायला हरकत नाही पण नाव नको, असं सांगणारे खूप असतात, आणि त्याला कारण असतं. ज्यांच्या घराला कागद नाही त्यांच्या दृष्टीने "हे घर दरवर्षी बुडतं" ही नोंद मदतीची ठरू शकते, तशीच घर खाली करायच्या नोटिशीची सबबही. अशा घरांचे नेमके अक्षांश-रेखांश जाहीर नकाशावर टाकू नका.

"समुद्र वाढलाय, नाही?" असं विचारलंत तर उत्तर "हो" येणार, आणि ते कुचकामी आहे. त्याऐवजी म्हणा, "पाणी कुठवर आलं होतं, दाखवता का?" आणि उठून त्यांच्यासोबत त्या जागेवर जा. बसून सांगितलेलं पाणी कंबरेइतकं असतं. भिंतीपाशी उभं राहून हात लावला की ते बहुतेक वेळा मांडीवर येतं. माणूस खोटं बोलत नसतो, त्याला आठवते ती भीती.

साल विचारू नका, सालाशेजारची घटना विचारा. घर बांधायच्या आधी की नंतर? धाकटी शाळेत जात होती का? अशा पाच-सात पक्क्या घटनांची पट्टी आधीच करून ठेवलीत तर आठवणी तिच्यावर नीट बसतात. मोठे पूर माणसाला अलीकडचे वाटतात, हेही लक्षात असू द्या.

घरातल्या कर्त्या पुरुषाशी बोलून निघून जाऊ नका. पाणी रात्री आलं तेव्हा सामान कोणी उचललं, गोडं पाणी किती लांबून आणावं लागलं, हे बायका सांगतात. भाडेकरू सांगतात ते मालक सांगत नाही. रोज समुद्रावर जाणाऱ्यांना वाळू कुठून कुठे सरकली ते नकाशापेक्षा चांगलं माहीत असतं.

८. विहिरी आणि पुळण

विहिरीचं पाणी टीडीएस मीटरने मोजा, पण नेहमी भरतीच्या एकाच अवस्थेला, सकाळी उपसा सुरू व्हायच्या आधी, आणि शक्य असेल तर वरचं आणि तळाचं वेगवेगळं. गोडं पाणी हलकं असल्यामुळे खाऱ्यावर तरंगतं. वरवरचा नमुना गोड आणि खाली खारं, असं सर्रास आढळतं. किनाऱ्यालगतच्या जमिनीत एक ढोबळ हिशोब लावतात: समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची एक मीटर उंची असेल तर खाली सुमारे चाळीस मीटर गोडं पाणी. म्हणजे वरची पातळी हातभर उतरली तरी खालून खारं पाणी बरंच चढतं. मात्र खारटपणा वाढण्याचं कारण समुद्र असेल तसा अति उपसाही असू शकतो. शेजारी किती पंप बसले, ते लिहा.

पुळणीची रुंदी मोजायला जमिनीवरच्या खुणेपासून पाण्यापर्यंत पट्टी धरू नका. पाणी तासातासाला हलतं. झुडपांची कड किंवा उंच भरतीचा काडीकचरा धरा. उतार मोजायची एमरी या सागरशास्त्रज्ञाची १९६१ची युक्ती आजही चालते. सारख्या उंचीच्या दोन काठ्या ठरावीक अंतरावर उभ्या करायच्या. जमिनीकडच्या काठीमागून नजर दुसऱ्या काठीवरून क्षितिजाशी जुळवायची, की दोन्ही पायथ्यांतला उंचीचा फरक वाचता येतो. दोन माणसं लागतात आणि क्षितिज स्वच्छ असावं लागतं. तुलना त्याच ऋतूतल्या मापांशीच करा. वादळी दिवसांत वाळू जाते आणि शांत दिवसांत बरीचशी परत येते.

९. जुने कागद

शाळा बंद राहिल्याच्या नोंदी, बंदराची दप्तरं, दुरुस्तीची बिलं, जुने जमिनीचे नकाशे, वर्तमानपत्रं, सगळं बघा. घरोघरचे लग्नाचे अल्बमही मागा. नवरा-नवरीच्या मागे धक्क्याच्या किती पायऱ्या दिसतात ते मोजा. व्हेनिसमध्ये संशोधकांनी चित्रकार कानालेत्तोच्या अठराव्या शतकातल्या चित्रांतून हेच केलं. त्याने वाड्यांच्या भिंतींवरची शेवाळाची हिरवी कड इतकी अचूक रंगवली होती की आजच्या कडेशी तुलना करून शहर पाण्यात सुमारे ६० सेंटीमीटर उतरल्याचा अंदाज त्यांना बांधता आला. त्यात समुद्राचं चढणं आणि जमिनीचं खचणं, दोन्ही आलं.

उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. लँडसॅटची १९७२ पासूनची आहेत, सेंटिनेल-२ची दहा मीटर तपशिलाची २०१५ पासूनची. एक चित्र ओहोटीचं आणि दुसरं भरतीचं घेतलंत तर अख्खी पुळण गायब झालेली दिसेल. चित्राची वेळ आणि त्या वेळची भरती जुळवल्याशिवाय तुलना नको. जगभरातल्या भरतीमापकांच्या मासिक आणि वार्षिक सरासऱ्या लिव्हरपूलची पीएसएमएसएल ही संस्था १९३३ पासून गोळा करते, त्याही सगळ्यांना खुल्या आहेत.

१०. कारण लिहिताना हात आखडा

वहीच्या पानाचे तीन भाग करा: "मी पाहिलं", "मला सांगितलं", "मला वाटतं". एका भागातलं वाक्य दुसऱ्यात शिरू देऊ नका. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

कारण पाणी घरात शिरलं म्हणजे समुद्र वाढला, एवढं सरळ ते नसतं. जमीन खचत असेल. जाकार्तात भूजलाच्या उपशामुळे जमीन इतकी झपाट्याने खचली की समुद्राची वाढ तिच्यापुढे किरकोळ वाटावी. वर नदीवर धरण होऊन गाळ अडला असेल, वाळू उपसली गेली असेल, शेजारच्या गावाच्या धक्क्यामुळे तुमची पुळण कापली जात असेल, किंवा नुसतं गटार तुंबलं असेल. समुद्राची वाढ या सगळ्यांवर भर घालते, पण तिचा वाटा किती, हे तुमच्या वहीतून सिद्ध होणार नाही. एक मोठं विधान खोटं ठरलं की बाकीची शंभर खरी मापंही बाजूला ठेवली जातात. मी हे होताना पाहिलं आहे, त्यामुळे जरा जोर देऊन सांगतोय.

चार-पाच वर्षांच्या नोंदींवरून कल सांगायची घाईही नको. चंद्राच्या कक्षेचं एक आवर्तन १८.६ वर्षांचं असतं. त्यामुळे काही वर्षं मोठ्या भरत्या आपोआप वाढत जातात आणि काही वर्षं उतरतात.

११. जपा आणि परत द्या

फाइलचं नाव तारखेने सुरू करा, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग जागेचा क्रमांक. मग त्या आपोआप ओळीने लागतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक गावाबाहेर. माझी एक वही ज्या कपाटात होती, ते कपाट खालच्या मजल्यावर होतं. पुढचं तुम्ही ओळखलं असेल.

नोंदी वर्षातून एकदा लोकांसमोर वाचा. भिंतीवर नकाशा लावा आणि हातात पेन्सिल द्या. "हे पाणी आमच्याकडून नाही, त्या वाटेने आलं," असं कोणीतरी म्हणेलच. ती दुरुस्ती तारखेसह लिहा, पण जुनं खोडू नका. एखाद्याने आपली मुलाखत काढून टाकायला सांगितली तर तीनही प्रतींतून काढा.

पुढच्या वर्षाचा तक्ता हाती आला की पहिल्याच दिवशी मोठी उधाणं शोधा. त्यातली निदान एक भल्या पहाटेची असेल. त्या दिवशी नळी कोण धरणार, ते आत्ताच विचारून ठेवा.